एरर गेली, चूक राहिली

वाचकाचं पत्र, थोडक्यात

तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमची वेबसाइट २००७ साली गावातल्याच एका गणिताच्या सरांनी पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत लिहून दिली. सर आता निवृत्त आहेत. मला कोड वाचता येतो, थोडाफार बदलताही येतो, म्हणून साइट माझ्याकडे आली. होस्टिंगवाल्यांनी कळवलं की पीएचपी ५.६ बंद होणार. नव्या आवृत्तीवर चढवून पाहिलं तर पांढरं पान, आणि लॉगमध्ये ‘ईरेग नावाचं फंक्शन सापडत नाही’. ईरेग म्हणजे मजकूर दिलेल्या साच्यात, म्हणजे पॅटर्नमध्ये, बसतो का ते पाहणारं जुनं फंक्शन. डेटाबेसचा भाग भाच्याने बदलून दिला. ईरेगच्या कुटुंबातली फंक्शन्स ४३ जागी होती, ती मी शोधून त्यांची नावं बदलली. ईरेगच्या जागी त्याच कामाचं प्रेग केलं आणि पॅटर्नच्या दोन्ही बाजूंना तिरकी रेघ घातली. जाता जाता काही पॅटर्न सुधारलेही. सभासद क्रमांकाच्या पॅटर्नमध्ये ‘ब’ अक्षराचा एक तुकडा होता, तो कशासाठी ते कळेना म्हणून काढला.

आता एरर एकही नाही. पण काही सभासदांचे ऑनलाइन अर्ज ‘नाव चुकीचे आहे’ म्हणून परत जातात. काही जुन्या पुस्तकांची माहिती कोरी दिसते. ‘कथासंग्रह’ या शब्दावर लिंक असायची, ती आता फक्त ‘कथा’वर येते. कार्यकारिणी म्हणते, साइट चालतेय ना, मग हात लावू नका. एक ओळखीचे म्हणतात, सगळी साइट नव्याने लिहा. सरांना विचारावं तर त्यांच्या कामात खोट काढल्यासारखं वाटेल. काय करू?

उत्तर

प्रिय ताई,

बाकी सगळं नंतर. आज घरी जाण्याआधी एक काम करा. कोऱ्या दिसणाऱ्या पुस्तकांपैकी दोन-तीन नोंदी थेट डेटाबेसच्या टेबलमध्ये उघडून पाहा. मजकूर तिथे असेल आणि फक्त पानावर दिसत नसेल, तर काळजी कमी आहे. टेबलमध्येच जागा रिकामी असेल, तर नोंदी दुरुस्त करून सेव्ह करणारा स्क्रीन ताबडतोब बंद करा आणि बदलाच्या आधीचा बॅकअप बाजूला काढून ठेवा. त्या बॅकअपवर नवा बॅकअप चढू देऊ नका.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या साइटवर मी असाच बदल केला होता. वर्णनांमधले जादा स्पेस काढणारी एक साधी ओळ होती. रात्री ती सगळ्या नोंदींवरून फिरवली, एरर एकही आली नाही, आणि सकाळी पुष्कळ वर्णनं रिकामी होती. कारण अगदी छोटं होतं. प्रेग-रिप्लेसला काम करता आलं नाही तर ते मूळ मजकूर परत देत नाही, ‘नल’ म्हणजे ‘काहीच नाही’ असं देतं. माझ्या कोडने तो नल मुकाट्याने वर्णनाच्या जागी लिहिला. बॅकअप नऊ दिवसांपूर्वीचा होता. त्या नऊ दिवसांत तिथल्या दोन मुलींनी टाइप केलेलं काम पुन्हा करावं लागलं, आणि ते त्यांनी काही न बोलता केलं. ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून प्रेग-रिप्लेसचं उत्तर आधी वेगळ्या चलात घ्यायचं, नल आहे का ते पाहायचं आणि मगच पुढे न्यायचं, हा माझा नियम आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पत्रात तुम्ही या कामाला ‘नावं बदलणं’ म्हणता. माझ्या मते सगळी अडचण या एका समजुतीतून आली आहे. तुम्ही ग्रंथपाल आहात म्हणून तुमच्याच कामातलं उदाहरण देतो. एखादं ग्रंथालय रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरणावरून ड्यूईच्या दशांश वर्गीकरणावर न्यायचं ठरलं, तर तुम्ही पुस्तकांच्या पाठीवरचे द्विबिंदू खोडून तिथे दशांशचिन्हं लिहाल का? चिन्हांसारखी चिन्हं दोन्हीकडे आहेत, पण त्यामागचा विचार वेगळा आहे. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन ते कशाबद्दल आहे ते पाहावं लागेल. ईरेग आणि प्रेग यांचं असंच आहे.

ईरेग पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणाच्या घराण्यातलं. पीएचपीसोबत येणारं त्याचं इंजिन हेन्री स्पेन्सर यांच्या लायब्ररीवर उभं होतं. प्रेगच्या मागे पीसीआरई आहे, म्हणजे पर्ल भाषेच्या वळणाची रेजेक्स (मजकूर शोधायचे पॅटर्न लिहिण्याची पद्धत). ती फिलिप हेझल यांनी केंब्रिज विद्यापीठात असताना १९९७ पासून लिहायला घेतली. दोन्ही पीएचपीत बरीच वर्षं शेजारी शेजारी नांदली. जून २००९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीने ईरेग वापरू नका असा इशारा द्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये ७.० ने ते काढूनच टाकलं. म्हणजे सरांनी २००७ साली लिहिलं तेव्हा ते चुकीचं नव्हतंच. हे आधी स्वतःला सांगा. फोन करताना उपयोगी पडेल.

ते काढण्यामागे कारणंही होती. ईरेगला मजकुरात शून्य बाइट, म्हणजे शून्य किमतीचं एक न दिसणारं चिन्ह, भेटला की ते तिथेच थांबायचं आणि पुढचं काही बघायचंच नाही. त्यामुळे अपलोड होणाऱ्या फाइलचं नाव तपासणारा पहारेकरी पुढचा अर्धा भाग न पाहताच आत सोडू शकायचा. म्हणून ‘जुनंच कुठेतरी चालू ठेवू’ हा मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही. ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०१८ च्या शेवटी थांबलं आहे, आणि तुमच्याकडे सभासदांचे फोन नंबर आणि पत्ते आहेत.

तुमच्या तीन तक्रारी तीन वेगळ्या कारणांनी आल्या आहेत. एकेक पाहू.

‘कथासंग्रह’ची सर्वांत सोपी, आणि शिकण्यासारखी. सरांनी पॅटर्नमध्ये पर्याय उभ्या रेघेने लिहिले असणार: आधी कथा, मग कथासंग्रह, मग कादंबरी. ईरेगचा नियम असा की एकाच जागेपासून जुळणारे अनेक पर्याय असतील तर सर्वांत लांब तो घ्यायचा. त्यामुळे क्रम कसाही असला तरी ‘कथासंग्रह’ पूर्ण सापडायचा. प्रेग डावीकडून जो पर्याय आधी जुळेल त्यावर समाधान मानतं. त्याला ‘कथा’ सापडली, तिथे काम संपलं, आणि ‘संग्रह’ बाहेर लोंबकळत राहिला. उपाय एका मिनिटाचा आहे: लांब शब्द आधी लिहा. पण तुमच्या ४३ जागांपैकी जिथे जिथे उभी रेघ आहे, तिथे हेच पाहायला हवं. कारण लिंक अर्धी दिसली म्हणून इथे तुमच्या लक्षात आलं. हिशेबात अर्धा शब्द पकडला गेला असता तर दिसलंही नसतं.

कोऱ्या नोंदींची दोन कारणं संभवतात, आणि टेबल उघडून पाहिल्यावर कोणतं ते तुम्हाला कळेल. मजकूर टेबलमध्ये शाबूत असेल, तर बहुधा टिंबाचा खेळ आहे. `(.*)` हे तुम्हाला सरांच्या कोडमध्ये पुष्कळ ठिकाणी दिसेल: ‘या खुणेपासून त्या खुणेपर्यंत जे काही आहे ते’. ईरेगच्या टिंबात नवी ओळही बसायची. प्रेगच्या टिंबात बसत नाही. म्हणून एका परिच्छेदाची वर्णनं नीट दिसतात आणि दोन परिच्छेदांची कोरी. बंद करणाऱ्या तिरक्या रेघेनंतर लहान लिपीतलं ‘एस’ लिहा, टिंब पूर्वीसारखं वागू लागेल.

मजकूर टेबलमधूनच गेला असेल तर माझ्यासारखं झालं आहे. तुम्ही सुधारणा करताना पॅटर्नच्या शेवटी लहान ‘यू’ लावला असेल, म्हणजे मजकूर यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) समजून वाच असं सांगितलं असेल. हे योग्यच आहे, पण २००७ च्या सुमाराला मराठी मजकूर बऱ्याच ठिकाणी युनिकोडमध्ये नव्हताच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच्या तसा साठवलेला असायचा. त्याचे बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसत नाहीत, मग प्रेग-रिप्लेस हात वर करून नल देतं. त्या नोंदी आधी युनिकोडमध्ये आणायला हव्यात. ते काम वेगळं आहे आणि रेजेक्सच्या कामात मिसळू नका.

आता नाकारल्या जाणाऱ्या अर्जांविषयी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही चूक मराठी साइटवर मी वारंवार पाहतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. सरांचा पॅटर्न बहुधा उदार असावा: आकडे आणि कोनी कंस सोडून काहीही चालेल. तुम्ही तो ‘नीट’ केलात. इंटरनेटवर सगळीकडे सांगतात तसं ‘कोणत्याही लिपीतलं अक्षर’ असं लिहिलंत, म्हणजे महिरपी कंसात मोठं ‘एल’. वाचायला बरोबर वाटतं. पण युनिकोडच्या हिशेबात आपली काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीत, ती ‘चिन्हं’ आहेत, आणि त्यांचा वर्ग वेगळा, मोठं ‘एम’. म्हणून कदम पास होतात, भगत पास होतात. पवार नापास, कारण व नंतर काना आहे. शिंदे पहिल्याच वेलांटीला अडतात. परत गेलेले अर्ज काढून पाहा. नाव आणि आडनाव दोन्ही बिनकान्या-मात्रेचं असलेली माणसंच फक्त आत आली असतील.

‘एल’च्या जोडीला ‘एम’ घातलं की बहुतेक अर्ज पास होतील. बहुतेक, सगळे नाहीत. कऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत त्यासाठी वेगळा र आहे, तो पास होतो. दुसऱ्या तऱ्हेत साध्या र आणि हलन्तानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह येतं, ते अक्षरही नाही आणि चिन्हांच्या वर्गातही नाही. ते स्वतंत्रपणे चालवून घ्यावं लागतं. शिवाय आद्याक्षरांनंतरचं टिंब आहे. जोडआडनावातला डॅश आहे, आणि तो चौकोनी कंसात लिहिताना अगदी शेवटी लिहा. पीएचपी ७.३ पासून रेजेक्सचं इंजिन बदललं, आणि पूर्वी खपून जाणारा मधला डॅश आता काही ठिकाणी खपत नाही.

मला विचाराल तर इथे सरांचा उदार पॅटर्नच परत आणा. माणसाचं नाव काय असावं हे आपण ठरवू नये. वाचनालयाच्या अर्जात नाव रिकामं नाही आणि त्यात कोनी कंस नाहीत एवढं पुरे आहे, आणि ते पानावर दाखवताना सुरक्षित करून दाखवा. अर्ज परत गेला की माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. म्हातारी माणसं तर दुसऱ्यांदा प्रयत्नही करत नाहीत.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. तुम्ही एकाच वेळी दोन कामं केलीत: भाषांतर आणि सुधारणा. ही वेगवेगळ्या दिवशी करा. भाषांतराच्या दिवशी एकच प्रश्न: जुनं जे उत्तर देत होतं तेच नवं देतंय का? त्या दिवशी जुनी चूकसुद्धा जशीच्या तशी राहू द्या, वहीत नोंद करा.

ते तपासायची पद्धत साधी आहे. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर पीएचपी ५.६ आणि नवी आवृत्ती दोन्ही ठेवता येतात. हा कॉम्प्युटर बाहेरच्या जगाला दिसत नाही, तेव्हा जुनी आवृत्ती तपासणीपुरती चालेल. प्रत्येक पॅटर्नसाठी तुमच्याच डेटामधले पंचवीसेक नमुने घ्या. कल्पनेतले नकोत, खरे घ्या: सर्वांत लांब वर्णन, दोन परिच्छेदांचं वर्णन, जुन्या फॉन्टमधली नोंद, कऱ्हाडे दोन्ही तऱ्हांनी, रिकामी जागा, शेवटी एंटर दाबलेली ओळ. जुना कोड त्यांवर चालवून उत्तरं एका फाइलमध्ये लिहून ठेवा, नवा चालवून दुसरीत, आणि दोन फाइल्स शेजारी ठेवून फरक पाहा. फरक दिसेल तिथेच विचार करायचा. कंटाळवाणं आहे, पण पुस्तकांची वार्षिक मोजणी तुम्ही करताच, त्याहून हे हलकं आहे.

फरक न दिसताही एक जागा मुद्दाम पाहा. काही काही काटेकोर लोक ईरेगचं उत्तर ‘अगदी फॉल्सच (म्हणजे ‘नाही’च) आहे का’ असं तीन बरोबरच्या चिन्हांनी तपासत. ईरेगला जुळलं नाही तर ते फॉल्स द्यायचं. प्रेग-मॅच जुळलं नाही तर शून्य देतं, फॉल्स फक्त बिघाड झाला तर. म्हणजे अशा जागी नाव बदललं की तपासणी कधीच नापास करत नाही, सगळं आत येतं. पत्रातल्या तक्रारी आत न आलेल्यांच्या आहेत. नको ते आत आलं तर तक्रार करायला कोणी येत नाही, म्हणून ही जागा आपणच शोधायची.

आणि ४३ चा आकडा पाहून दडपून जाऊ नका. त्यातल्या कितीतरी जागी रेजेक्सची गरजच नसेल. त्या काळी स्वल्पविरामावर मजकूर तोडायलाही स्प्लिट वापरत, आणि स्प्लिटही याच कुटुंबातलं. तिथे साधं एक्स्प्लोड पुरतं. तारीख तोडायला `[/.-]` असं काही असेल तर मात्र प्रेग-स्प्लिट हवं, आणि पॅटर्नमध्येच तिरकी रेघ असल्यामुळे पॅटर्नच्या दोन्ही बाजूंच्या कुंपणाला तिरक्या रेघेऐवजी `#` घ्या. ईमेल तपासायला पीएचपीचं स्वतःचं फिल्टर आहे, सरांचा लांबलचक पॅटर्न निवृत्त करा. ठरावीक शब्दाच्या जागी ठरावीक शब्द घालायचा असेल तर एसटीआर-रिप्लेस. याचा एक फायदा असा की प्रेग-रिप्लेसला डॉलरचं चिन्ह आणि पुढे आकडा दिसला की ते त्याला मागच्या कंसाचा संदर्भ समजतं. परदेशी गेलेल्या एखाद्या सभासदाने पाठवलेल्या देणगीची डॉलरमधली रक्कम पावतीवरून अशीच नाहीशी होऊ शकते. शोधताना स्प्लिट हा शब्द जावास्क्रिप्टमध्येही सापडेल, त्याला हात लावायचा नाही. आणि पॅटर्नच्या शेवटी लहान ‘ई’ असलेलं प्रेग-रिप्लेस कुठे दिसलं तर ते त्याच दिवशी बदला. ते बदललेला मजकूर कोड म्हणून चालवायचं. तेही ७.० ने काढलं आहे, त्याच्या जागी कॉलबॅकवालं फंक्शन आहे.

होस्टिंगची मुदत अगदी तोंडावर असेल तर एक टेकू सांगतो. ईरेग याच नावाचं फंक्शन आपणच लिहायचं, आत प्रेग-मॅच बोलवायचं, कुंपणाचं चिन्ह पॅटर्नमध्ये आलं तर ते उलट्या तिरक्या रेघेने निष्प्रभ करायचं, आणि शेवटी लहान ‘एस’ व मोठं ‘डी’ लावायचं. ‘एस’ टिंबासाठी. ‘डी’ यासाठी की प्रेगचं शेवट दाखवणारं डॉलरचिन्ह शेवटच्या एंटरच्या आधीही समाधान मानतं, ईरेगचं मानत नसे. याने साइट उभी राहील आणि बरीचशी पूर्वीसारखी वागेल. पर्यायांमधल्या लांब शब्दाचं मात्र हा टेकू सांभाळत नाही. महिन्या-दोन महिन्यांसाठी ठीक आहे. फाइलच्या वरच काढण्याची तारीख लिहून ठेवा.

सगळी साइट नव्याने लिहिण्याचा सल्ला मला पटत नाही. अठराएक वर्षांत त्या कोडमध्ये तुमच्या वाचनालयाच्या सवयी मुरल्या आहेत. नव्याने लिहिणाऱ्याला त्या माहीत नसतील. कार्यकारिणीला ‘रेजेक्स’ हा शब्द सांगू नका. परत गेलेल्या अर्जांची यादी छापून न्या, नावांनिशी. त्यातल्या निम्म्या लोकांना ते ओळखत असतील. आणि दोन शनिवार-रविवार मागा, त्याहून जास्त लागू नये.

राहता राहिले सर. तुम्हाला वाटतं की विचारणं म्हणजे खोट काढणं. मी स्वतः लिहिलेल्या जुन्या कोडबद्दल मला आजवर दोनदा फोन आले, दोन्ही वेळी आनंद झाला. कोणीतरी ओळ न ओळ वाचतंय याचा तो आनंद होता. ज्या पॅटर्नचा हेतू तुम्हाला कळत नाही तेवढेच कागदावर उतरवून न्या आणि प्रत्येकापुढे एवढंच विचारा: ‘सर, इथे कोणता मजकूर यायचा, म्हणून हे असं लिहिलंत?’ तुम्ही काढलेला तो सभासद क्रमांकातला ‘ब’ आजच परत जागेवर ठेवा. बालविभागाचे क्रमांक कधीकाळी वेगळे होते का, हे जुन्या नोंदवहीत सापडेल, पण त्याआधी सरांना तोच पहिला विचारा.